वाटेकऱ्याची खाट

श्रीपाल चौगुलेला या सगळ्यातून काय मिळणार होतं, ते आधी बघून घेऊ. तो स्वतःही आधी तेच बघायचा. चार दिवस दुखणं सोसायचं, आणि त्याबदल्यात एक हाक.

हाकेचं असं होतं. त्याची आठ वर्षांची मुलगी त्रिशला कुठे पडली, आपटली, की ‘मम्मी’ म्हणून ओरडायची. एकदा तर त्याच्याच मांडीवरून घसरून त्याच्याच पायाशी पडली आणि ओरडली ‘मम्मी’. त्याची बायको पद्मजा तेव्हा गच्चीवर पापड वाळत घालत होती. आणि पोर पडायची फार, कारण डावी नडगी जन्मापासून आत वाकलेली नि दोन बोटं आखूड. आठ वर्षं मालिश, पट्टे, मापाचे बूट, सांगलीहून मिरजेच्या खेपा, हे सगळं पद्मजानं केलं. श्रीपाल मार्केट यार्डात हळदीचा अडत्या. हंगामात सौदे, हंगाम सरला की इरोड, निजामाबादच्या बाजारांच्या फेऱ्या. पोरीच्या पायाचा एक्स-रे त्यानं पाहिला तो फोनवर, आणि तोही दोन बोटांनी मोठा करून, हळकुंडाचा नमुना पाहावा तसा.

तेव्हा आठ वर्षांची गैरहजेरी चार दिवसांत भरून निघत असेल, तर सौदा वाईट नव्हता. त्याच्या वडिलांच्या पिढीला अशी सोय नव्हती. ती आत्ता कुठे निघाली होती.

मोठ्या माणसाच्या मेंदूत दुखणं दाबायची एक वाट असते. ठेच लागली की क्षणभर जीव जातो आणि मग हळूहळू ओसरतं, ते या वाटेनं मेंदू पाठीच्या कण्याकडे हुकूम धाडतो म्हणून: बास, आता वर काही पाठवू नकोस. लहान मुलांची ही वाट कच्ची असते. जोरकस औषधं होती, पण त्यांनी मुलांचा श्वास मंदावे. मग शास्त्रज्ञांनी तो हुकूम यंत्रात बनवून मुलांच्या कण्याला देऊन पाहिला. दोन-तीन तास चालला. पुढे शरीरानं नक्कल ओळखली आणि ऐकेनासं झालं. हुकूम अस्सल हवा, म्हणजे कुणाला तरी खरोखर दुखायला हवं.

तीही तजवीज झाली. मुलाच्या मांडीतल्या नसेभोवती केसाएवढ्या तारेचं कडं बसवायचं. त्यातून जाणारे दुखण्याचे संदेश जसेच्या तसे मोठ्या माणसाच्या त्याच नसेत सोडायचे. त्याला दुखतं, त्याचा मेंदू हुकूम सोडतो, मानेवर चिकटवलेली पट्टी तो टिपते आणि मुलाच्या कण्याकडे पोचवते. रक्ताचं माणूस असेल तर हुकूम चांगला जुळतो. मूल चित्रं रंगवत बसतं. मोठ्या माणसाचं मात्र ओसरत नाही, कारण यंत्र नवं पाठवतच राहतं.

कागदोपत्री या सोयीचं नाव ‘सहवेदना जोडणी’. वॉर्डातल्या मावश्या तिला ‘वाटणी’ म्हणत, आणि शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याला ‘वाटेकरी’. कसली वाटणी! एकाला सगळं, दुसऱ्याला काही नाही.

“त्या खाटेवर मी झोपणार,” पद्मजा म्हणाली होती.

“तुला अर्धशिशी आहे. डॉक्टर नको म्हणालेत.”

“डॉक्टरांना अर्धशिशीचं कुणी सांगितलं?”

श्रीपालनंच सांगितलं होतं, आदल्या दिवशी, एकटा जाऊन.

“माझ्याबद्दल इतकी माहिती तुम्हाला आहे, हे मला आजच कळलं,” पद्मजा म्हणाली. “आपल्यात म्हणतात, ज्याचं त्यालाच भोगावं लागतं, बापाचं लेकाला नाही नि लेकीचं बापाला नाही. बघू, तुमचं यंत्र त्याहून शहाणं निघतंय का.”

शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर मुजावर बाईंनी दोघांना समोर बसवलं. पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. त्यांनी एक तक्ता पुढे ठेवला. दोन रकाने: एक ‘रुग्ण’, एक ‘वाटेकरी’.

“दर दोन तासांनी सिस्टर आकडा विचारतील. शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. तारेतून संदेश किती गेले हे मला पडद्यावर दिसतं, पण हाड कापलेल्या पायातून संदेश ढिगानं येणारच. त्यातलं दुखतं किती, हे फक्त ज्याला दुखतं तोच सांगू शकतो. एरवी मी त्रिशलाला विचारलं असतं. आता तिला विचारून उपयोग नाही. कळतंय का?”

“कळतंय की.”

“पाय सरळ केल्यावर पोटरीचे स्नायू सुजतात. ते घट्ट पिशव्यांत बांधलेले असतात. क्वचित सूज इतकी वाढते की पिशवीत रक्तच शिरत नाही. पाय वरून गरम असतो, नाडी लागते, सगळं ठीक दिसतं. ओरडतं ते फक्त दुखणं. तेव्हा पाच-सहा तासांत पिशवी उघडली तर पाय वाचतो. म्हणून सलग दोनदा सातच्या वर आकडा आला, तर मी जोड सोडणार आणि सुई घालून दाब मोजणार. त्या अर्ध्या तासात सगळं दुखणं त्रिशलाकडे परत जाईल. त्याला इलाज नाही. आकडा खरा सांगायचा, चौगुले. तो तुमचा नाही, तिचा आहे.”

“हो, हो,” श्रीपाल म्हणाला. हे ‘हो, हो’ तो प्रत्येक खरेदीदाराला म्हणायचा.

आता श्रीपालच्या चेहऱ्याबद्दल थोडं सांगायला हवं. त्याच्या वडिलांच्या काळात यार्डात सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांचे हात रुमालाखाली, एकानं दुसऱ्याची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, आख्खा पंजा म्हणजे पाच. भोवती पन्नास माणसं उभी, पण भाव कळायचा दोघांनाच. रुमाल जाऊन जमाना झाला, सौदे पडद्यावर आले. पण श्रीपाल लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून जे शिकला ते गेलं नव्हतं. आकडा बोटांत ठेवायचा, तोंडावर येऊ द्यायचा नाही. खरा आकडा पहिल्यांदा सांगणारा माणूस मूर्ख. यार्डात त्याला ‘दगडी चौगुले’ म्हणत, आणि तो ते मानाचं समजे.

अशा माणसाला त्यांनी वाटेकरी केलं.

सोमवारी सकाळी शस्त्रक्रिया झाली. संध्याकाळी जोड लावली तेव्हा श्रीपाल आपल्या खाटेवर पाय पसरून पडला होता, स्वतःच्या धडधाकट डाव्या नडगीकडे बघत. बघता बघता तिच्यात कुणीतरी तापलेली सळई घातली. पाय तसाच होता, केसाळ, गोरा, ओरखडासुद्धा नाही. आणि आत हाड कापलेलं होतं.

“आकडा, चौगुले दादा?” ग्रेसी सिस्टरनं विचारलं. पंचविशीची, चटपटीत, हातात तक्ता.

सहा होता. “चार,” श्रीपाल म्हणाला.

“वा! आणि आमच्या राणीचा?”

“शून्य,” त्रिशला म्हणाली. ती हत्तीला जांभळा रंग देत होती. “पप्पा, तुम्हाला खरंच माझं दुखतंय?”

“थोडंसं.”

“कसं दुखतंय?”

“मुंगी चावल्यासारखं.”

“एवढंच? मग मीच घेतलं असतं की!” पोर हसली आणि हत्तीकडे वळली. पण मग पुन्हा मान वर करून म्हणाली, “थँक्यू, पप्पा.” श्रीपालला वाटलं, सहा काय, यावर आणखी दोन घेऊ. माणूस नफ्याचा पहिला घास खातो ना, तिथेच फसतो.

मंगळवारी सकाळी दहाला सिस्टर आली तेव्हा आकडा आठ होता. पोटरी आतून फुगून फाटतेय असं वाटत होतं. कापलेल्या हाडाचं दुखणं वेगळं आणि हे वेगळं, हे त्यालाही कळत होतं. सिस्टरनं नियमाप्रमाणे त्रिशलाच्या पायाची बोटं धरून हळूच वर ताणली. स्नायू ताणले की हे दुखणं भडकतं, ती परीक्षाच होती. फरक इतकाच, की बोटं मुलीची ताणायची आणि चेहरा बापाचा बघायचा.

“गुदगुल्या होतायत!” त्रिशला खिदळली.

बापाच्या पोटरीतून विळा फिरला. सिस्टर त्याच्या तोंडाकडे निरखून बघत होती. तिच्याआधी वीस वर्षं बड्या बड्या खरेदीदारांनी त्या तोंडाकडे असंच निरखून बघितलं होतं, आणि कुणाच्या हाती काही लागलं नव्हतं.

“आकडा?”

“पाच.”

“घाम आलाय तुम्हाला.”

“पंखा कुठं चालतोय तुमचा?” श्रीपाल म्हणाला. सिस्टर हसली आणि पंख्याचा वेग वाढवून गेली.

त्याच्या मनात काय होतं ते त्यानं नंतर सांगितलं, आणि ते खरं मानायला हरकत नाही. तेव्हा त्याला कशाचाच सौदा करायचा उरला नव्हता. आठ म्हणालो तर दुसऱ्यांदा विचारतील, मग जोड सोडतील, आणि हे विळे पोरीच्या पोटरीत फिरतील. अर्धा तास. आणि ती ओरडेल, आणि ओरडेल ती ‘मम्मी’. मग डॉक्टर म्हणतील, यांना झेपत नाही, आईला झोपवा. डॉक्टरांनी पिशव्यांचं सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षात नव्हतं असं नाही. पण त्यानं असं धरलं होतं, की दुखणं म्हणजे सोसायचा माल, आणि आपण तो गपचूप उचलला की विषय संपला. आत कसली चिठ्ठी असेल, आणि ती आपल्या नावची नसेल, हे त्याला शिवलंच नाही.

बाराला नऊ.

तेव्हा पद्मजा त्याच्या खाटेशी स्टुलावर बसली होती. सिस्टर बोटं ताणायला वाकली तसा त्याचा हात चादरीखाली आपोआप सरकला आणि पद्मजाचा हात त्यानं ओढून धरला. आख्खा पंजा दाबला. सोडला. मग चार बोटं.

पद्मजा स्वतः अडत्याची मुलगी होती. तिच्याही वडिलांनी तिला गंमत म्हणून ही भाषा शिकवली होती.

“आकडा, दादा?”

“पाच,” श्रीपाल म्हणाला.

सिस्टरनं लिहिलं. पद्मजानं तिच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. श्रीपालनं चादरीखाली तिचा हात पुन्हा दाबला, या वेळी आकडा नव्हता. तिनं तोंड मिटलं.

सिस्टर गेल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, “एवढं दुखतंय?”

“चालतंय.”

“सांगत का नाही?”

“सांगितलं तर तिच्याकडे परत जाईल. जाऊ दे?”

पद्मजानं त्रिशलाकडे पाहिलं. पोर गुळाची पोळी खात होती आणि आपल्याला पाय आहे हेच विसरून गेली होती. आठ वर्षांत असा दिवस पद्मजानं पाहिला नव्हता. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. ओठ पांढरे, मानेची शीर ताठ. असाही दिवस तिनं पाहिला नव्हता.

“नको,” ती म्हणाली.

का, ते तिनं पुढे कुणाला सांगितलं नाही, एकदा सोडून. पोरीसाठी, हे तर होतंच. पण त्याच्या खाली, चादरीखालच्या बोटांसारखं, दुसरं होतं: घेऊ दे की याला दोन दिवस. आठ वर्षं मी घेतलं.

दोनला सिस्टरनं विचारलं तेव्हा त्यानं “चार” सांगितलं, कारण पाच-पाच सारखं सांगितलं तर संशय येईल. मालात विविधता दाखवावी लागते. खरं तर तेव्हा त्याला आकडाच उरला नव्हता. दहाच्या पुढे तक्त्यात रकाना नव्हता. त्यानं उशीचं टोक दातात धरलं, तेही त्रिशलाकडे पाठ करून. यार्डातून हमालांच्या मुकादमाचा फोन आला. “मालक, नवी आवक आलीय, माल जरा ओला वाटतोय, सौद्याला काढू?” श्रीपालनं शांतपणे सांगितलं, “ओला आहे तर थांबा,” आणि फोन ठेवून चादर चावली.

आणि मग चारच्या सुमारास दुखणं उतरू लागलं.

आधी त्याला वाटलं, भास आहे. पण खरंच उतरत होतं. विळा बोथट झाला, पोटरी जड झाली, मग दूर गेली, मुंग्या आल्यासारखी, पलीकडच्या खोलीत असल्यासारखी. साडेपाचला तो उठून बसला. त्यानं चहा मागवला, दोन बिस्किटं खाल्ली आणि पद्मजाला म्हणाला, “बघ. निघालो ना पार?” तिनं त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसला. लग्नाला बारा वर्षं झाली होती. असं तिनं कधी केलं असेल तर त्याला आठवत नव्हतं. तेवढीही मिळकत धरा.

सहाला डॉक्टर मुजावर स्वतः फेरीवर आल्या.

“आकडा?”

“दोन,” श्रीपाल म्हणाला. दोन दिवसांत त्यानं सांगितलेला हा पहिला खरा आकडा.

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. सकाळपासून चार, पाच, पाच, चार, तीन, दोन. दुपारपासून सरळ उतार. त्या हसणार होत्या, पण सवयीनं त्यांनी त्रिशलाचा अंगठा धरला. “राणीसाहेब, हा हलवा बघू.”

“हलवला की.”

“नाही हलला. पुन्हा.”

“हलवतेय ना!” त्रिशला कुरकुरली. अंगठा जागचा हलला नाही. “तो झोपलाय, डॉक्टर. दुपारपासून झोपलाय.”

डॉक्टरांनी पट्टी कापली, पोटरीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. पोटरी लाकडासारखी टणक होती. त्यांनी वर न बघताच विचारलं, “काल रात्रीपासून एकदाही सातच्या वर गेलं नव्हतं?”

“पाच होतं,” श्रीपाल म्हणाला. चेहरा तोच. “जास्तीत जास्त पाच.”

“चौगुले, दुखणं दोन प्रकारे थांबतं. बरं झालं की थांबतं. नाहीतर नस मेली की थांबतं. मला वेळ मोजायचा आहे. कधी वाढलं होतं?”

“पाच—”

“नऊ,” पद्मजा म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं.

“बारा वाजता नऊ होता. मला माहीत होतं.” ती स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. “दहाला किती होता, ते त्यांना विचारा.”

“आठ,” श्रीपाल म्हणाला.

म्हणजे दहा ते सहा. आठ तास. डॉक्टरांनी मनात हिशेब केला; ग्रेसी सिस्टर दारात उभी होती, तिनंही तोच केला. पाच मिनिटांत खाट ढकलत नेली. त्रिशलानं हत्तीचं चित्र बरोबर घेतलं होतं. ते लिफ्टपाशी पडलं, ते पद्मजानं उचललं.

त्यांनी चारही पिशव्या उघडल्या. आतलं मांस करडं होतं, चिमटा लावला तरी आखडत नव्हतं. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी ताप चढला, लघवी काळी झाली, आणि मग प्रश्न पायाचा राहिला नाही. शुक्रवारी गुडघ्याखाली पाय काढला. जो सरळ करायला आणला होता, तोच.

वॉर्डात दोघांना कुणी दोष दिला नाही. ते काम त्यांचं त्यांनीच, जिन्याखाली, नळाच्या कडेला केलं.

“मला एकदा वाटलं,” पद्मजा म्हणाली, “की तुम्हाला कळू दे. म्हणून गप्प बसले. एवढं मी सांगितलं, पुन्हा विचारू नका.”



बाराव्या दिवशी, दुपारी जेवणानंतर, त्रिशला किंचाळली. नसलेल्या पायाचा अंगठा कुणीतरी पिळत होतं. चादर सपाट होती तिथेच ती बोट दाखवत होती. पद्मजा तिच्या उशाशी होती, तिनं तिला कवेत घेतलं. पोरीनं आईला दूर लोटलं आणि दाराकडे बघून ओरडली:

“पप्पा! पप्पा, घ्या ना!”

श्रीपाल दारातून धावत आला.

“तुम्ही घेतलं होतं ना! परत घ्या! त्या खाटेवर झोपा ना, पप्पा!”

तो झोपला. डॉक्टरांनी समजावलं होतं की उपयोग नाही, पण त्यांनीही कडं पुन्हा जोडून पाहिलं, कारण पोर थांबत नव्हती. पडद्यावर रेघ सरळ गेली. हे दुखणं मांडीतल्या नसेतून येतच नव्हतं. पायाच्या बातमीची वाट बघून थकलेला मेंदू ते स्वतःच बनवत होता. तार नसेवर होती. तिच्यात पाठवायला काही नव्हतं.

श्रीपालचा डावा पाय खाटेवर स्वस्थ पडला होता. एक मुंगीसुद्धा नाही. शेजारच्या खाटेवरून त्रिशला ओठ दाबून त्याच्याकडे बघत होती, आता आपलं थांबेल म्हणून.

तेव्हा दगडी चौगुलेनं तोंड वाकडं केलं. आयुष्यात पहिल्यांदा. डोळे घट्ट मिटले, दात खाल्ले, “आई गं” म्हणाला, पोटरी दोन्ही हातांनी आवळली. त्यानं पार दहाचा चेहरा केला, जमेल तेवढा.

त्रिशलानं बराच वेळ पाहिलं.

“पप्पा, खोटं करू नका,” ती म्हणाली. “माझं अजून दुखतंय.”

ग्रेसी सिस्टर तक्ता घेऊन आली. तिनं श्रीपालकडे पाहिलं नाही; ती मुलीच्या खाटेवर बसली, तिचे केस मागे सारले आणि विचारलं, “किती गं राणी?”

“नऊ.”

सिस्टरनं लिहिलं. रुग्ण: नऊ. वाटेकरी: शून्य.